मधुमेहींची जीवनसत्त्वे : उणीव आणि उपचार

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण हमखास लागणारे आणि शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नसल्यामुळे बाहेरून मिळवावे लागणारे द्रव्य, अशी साधी व्याख्या करता येते. जे द्रव्य अत्यल्प प्रमाणात लागते ते कमी पडले तर आजार होतो हे खरे, पण तेच गरजेच्या दहापट घेतले म्हणून आरोग्य दहापट सुधारत नाही. या व्याख्येत दडलेली ही मर्यादा सहसा ध्यानात घेतली जात नाही. जीवनसत्त्वाची गोळी दोन अगदी वेगळ्या हेतूंनी घेतली जाते. एक हेतू तपासणीत आढळलेली उणीव भरून काढण्याचा, तर दुसरा उणीव नसतानाही त्या गोळीने रक्तातील साखर, हृदय, मूत्रपिंड किंवा नसा सुधारतील या अपेक्षेचा. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बाबतीत या दोन हेतूंची सतत गल्लत होते, आणि त्या गल्लतीचा परिणाम असा की ज्या उणिवेकडे खरोखर लक्ष द्यायला हवे ती वर्षानुवर्षे तपासलीच जात नाही, आणि ज्या गोळ्यांचा उपयोग मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही त्यांवर घरातले पैसे खर्च होत राहतात.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत असते, पण शरीरातील पेशी त्या इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, आणि कालांतराने स्वादुपिंडाची क्षमताही खालावत जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के इतके आहे. यातील फार मोठ्या वर्गाला पहिले औषध म्हणून मेटफॉर्मिन दिले जाते, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचे जीवनसत्त्व, बी-१२, याच औषधाशी जोडलेले आहे.

मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीपर्यंत जाते. त्या वनस्पतीतील साखर कमी करणाऱ्या घटकाशी रासायनिक नाते असलेले हे द्रव्य १९२२ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले, आणि झां स्टर्न या फ्रेंच वैद्याने १९५७ साली मधुमेहींवरील त्याच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात सोडल्या जाणाऱ्या साखरेला ते आवर घालते. ब्रिटनमधील दीर्घकालीन मधुमेह अभ्यासाच्या १९९८ साली आलेल्या निष्कर्षांत, जास्त वजनाच्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिनमुळे मधुमेहाशी निगडित मृत्यूही कमी झाल्याचे दिसले. इतकी जुनी, स्वस्त आणि पारखलेली औषधे वैद्यकात फार थोडी आहेत, आणि म्हणूनच पुढे जे सांगायचे आहे त्याचा अर्थ मेटफॉर्मिन वाईट आहे असा कोणीही घेऊ नये. ते औषध चालू ठेवून त्याच्या एका परिणामावर नजर ठेवायची, एवढाच मुद्दा आहे.

तो परिणाम समजण्यासाठी बी-१२ चा पोटातील प्रवास पाहावा लागतो, कारण इतर कोणत्याही जीवनसत्त्वाला शरीरात शिरण्यासाठी इतके टप्पे ओलांडावे लागत नाहीत. अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पाचकरस ते सुटे करतात, मग लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला आम्लापासून जपत लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेते, तिथे स्वादुपिंडाचा रस त्याला पुन्हा मोकळे करतो, आणि त्यानंतर जठराच्या अस्तरातून स्रवलेले ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे प्रथिन त्याला आपल्यात सामावून घेते. ही जोडगोळी संपूर्ण लहान आतडे पार करून अगदी शेवटच्या भागात पोहोचते, तेव्हाच तेथील पेशींवरील विशिष्ट ग्राहक तिला ओळखून आत घेतात. या शेवटच्या पायरीला कॅल्शियम लागते, आणि मेटफॉर्मिन याच जागी, कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या या शोषणात अडथळा आणते, असे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांना कॅल्शियम दिल्यावर बी-१२ चे शोषण सुधारल्याचे २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते, आणि त्यामुळे या स्पष्टीकरणाला बळ मिळाले.

या अडथळ्याची जाणीव नवी नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते ही नोंद १९७० च्या सुमारासच झालेली होती. पण निरीक्षणातून आलेल्या अशा नोंदीत एक शंका कायम राहते, कारण औषध घेणारे आणि न घेणारे लोक वयाने, आहाराने आणि आजाराच्या तीव्रतेने मुळातच वेगळे असू शकतात. ती शंका दूर करण्यासाठी यादृच्छिक चाचणी करावी लागते, म्हणजे कोणाला खरे औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून दोन्ही गटांची तुलना करावी लागते. नेदरलँड्समध्ये ३९० मधुमेहींवर अशी चाचणी झाली आणि २०१० साली तिचे निष्कर्ष आले : दिवसातून तीनदा ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन सुमारे सव्वाचार वर्षे घेणाऱ्यांत, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत रक्तातील बी-१२ सरासरी १९ टक्क्यांनी घटले, आणि ही घट काळासोबत वाढत गेली. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये बी-१२ ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा सर्रास आढळणारा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले, आणि अमेरिकेतील मधुमेह संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही अशा रुग्णांची वेळोवेळी तपासणी करावी असे सुचवतात.

युरोपातील माणसाची १९ टक्क्यांची घट आणि महाराष्ट्रातील शाकाहारी माणसाची १९ टक्क्यांची घट यांत मात्र फार मोठा फरक आहे, कारण पहिल्याची सुरुवात भरलेल्या कोठारातून होते आणि दुसऱ्याचे कोठार आधीच तळाला गेलेले असते. बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते केवळ काही सूक्ष्मजीव तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते माणसापर्यंत येते, त्यामुळे मांस, मासे, अंडी आणि दूध एवढेच त्याचे भरवशाचे स्रोत उरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, शहरी झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण तब्बल ८१ टक्के होते. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत ही उणीव सर्वाधिक निघावी, हा निष्कर्ष थांबून विचार करण्यासारखा आहे : पोट भरलेले असणे आणि पोषण पूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच संशोधकांच्या पुण्याजवळील सहा गावांतील, १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासाने हा प्रश्न आणखी मागे, आईच्या पोटापर्यंत नेला. गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट, म्हणजे बी गटातीलच दुसरे एक जीवनसत्त्व, भरपूर आणि बी-१२ मात्र कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही एक जीवनसत्त्व भरताना दुसरे रिकामे राहिले तर काय होते, याकडे त्याने जगाचे लक्ष वेधले.

फोलेट आणि बी-१२ यांच्या या जोडीशी मुंबईचेही जुने नाते आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईत आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करताना तिला असे आढळले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. बी-१२ आणि फोलेट या दोहोंची उणीव रक्तावर सारखाच परिणाम करते, म्हणजे तांबड्या पेशी मोठ्या आकाराच्या आणि संख्येने कमी होतात; पण नसांवरील वेष्टण टिकवण्याचे काम बी-१२ करते आणि फोलेटला ते जमत नाही. म्हणून बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फोलिक आम्ल भरपूर दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि धोक्याची दर्शनी खूण पुसली जाते, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. रक्तवाढीची गोळी परस्पर घेत राहणाऱ्या मधुमेहींनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

नसांची हानी हाच या विषयाचा गाभा आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे मधुमेहींच्या पायांच्या नसा खराब होतात. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पाय दुखतात, पुढे बधिरपणा येतो. बी-१२ कमी झाल्यानेही मुंग्या आणि बधिरपणा येतो. रुग्ण सांगतो की कापसावर चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावर कळते. दोन्ही आजारांत तक्रार जवळपास याच शब्दांत येते, आणि त्यामुळे साखरेचा आजार ठाऊक असलेल्या माणसाच्या पायातल्या मुंग्यांचे खापर साखरेवर फुटणे अगदी स्वाभाविक असते. बी-१२ च्या उणिवेत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागच्या भागातले तंतूही बाधित होतात. पाय कुठे आहे आणि कसा ठेवला आहे याची खबर मेंदूला हेच तंतू देतात, म्हणून अशा माणसाचा तोल उजेडात सांभाळला जातो, पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की जातो. स्मरण कमी होणे, चिडचिड, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होणे, थोड्या श्रमाने थकवा येणे ही इतर लक्षणे असतात, आणि तीही वाढत्या वयाच्या नावावर जमा होतात.

या नसांची परीक्षा करण्याचे एक साधन फार साधे आहे. सेकंदाला १२८ कंपने देणारा धातूचा चिमटा, म्हणजे नादकाटा, तळहातावर हलकेच आपटून त्याचे बूड पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि रुग्णाला डोळे मिटून कंप जाणवतो का, आणि तो थांबला की सांग, असे विचारतात. निरोगी माणसाला हाडात बारीक झिणझिण जाणवते. नसा अधू झालेल्या माणसाला फक्त थंड धातूचा स्पर्श कळतो, किंवा तोही कळत नाही. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी कारण सांगत नाही, पण रक्ततपासणी तातडीने करायला हवी की नाही हे मात्र नक्की सांगते.

रक्तातील बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानतात, आणि साधारण २०० ते ३०० यांमधील आकडा संशयाचा समजतात. तो आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून छापला गेला तरी लक्षणे असल्यास डॉक्टर मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन या द्रव्यांची पातळी पाहायला सांगतात, कारण पेशींच्या आत बी-१२ कमी पडू लागले की ही दोन्ही द्रव्ये रक्तात साचतात. शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२ चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम इतका असतो आणि रोजची गरज मात्र दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या साठ्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. म्हणूनच श्रावणात महिनाभर मासे सोडल्याने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिल्या वर्षी सहसा काही जाणवत नाही. उणीव चार-पाच वर्षांनी हळूहळू वर येते, तोवर औषध अंगवळणी पडलेले असते आणि त्याचा संशय कोणी घेत नाही. त्यातच अनेक मधुमेही पित्तासाठी ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षे घेत असतात. ती जठरातील आम्ल कमी करते, आणि त्यामुळे अन्नातील बी-१२ सुटे होण्याची पहिली पायरीच मंदावते. शाकाहार, मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी आणि साठीपुढचे वय हे चारही एकत्र असलेला माणूस महाराष्ट्रातील कोणत्याही सोसायटीत, कोणत्याही गावात सापडेल. त्याची बी-१२ तपासणी ठरलेल्या अंतराने व्हायलाच हवी.

आहारातून ही उणीव कितपत भरते हे पाहिल्यास, एक पेला दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते, त्यामुळे दिवसभरात चहापुरते दूध पोटात जाणाऱ्याची गरज भागत नाही. दूध, दही, ताक मिळून दोन-तीन पेले घेणाऱ्याची भागू शकते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील बांगडा आणि विशेषतः तिसऱ्या हे मात्र बी-१२ चे अतिशय समृद्ध स्रोत आहेत. आंबवलेल्या पिठात, शेवाळात किंवा अंकुरित धान्यांत बी-१२ भरपूर असते असे जे सांगितले जाते, त्यावर विसंबून राहू नये. स्पिरुलिनासारख्या शेवाळात जे आढळते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीरात काम न करणारे द्रव्य असते.

कमतरता सिद्ध झाली की उपचार सोपा आणि स्वस्त आहे. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या मार्गाने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जाते, पण मोठ्या मात्रेचा साधारण एक टक्का भाग या मार्गाशिवायही आतड्यातून झिरपतो, त्यामुळे हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम रक्तात पोहोचते आणि ते पुरेसे ठरते. नसांची लक्षणे ठळक असतील तर डॉक्टर सुरुवातीला इंजेक्शने देतात. मिथाइलकोबालामिन, सायनोकोबालामिन आणि हायड्रॉक्सोकोबालामिन ही बी-१२ चीच वेगवेगळी रूपे आहेत, आणि महागडे रूप म्हणजे अधिक गुणकारी असा नियम नाही. भारतात मुंग्यांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बी-१२ सोबत बी-६, फोलिक आम्ल आणि इतर तीन-चार द्रव्ये एकत्र घातलेली असतात. त्यांपैकी बी-६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास तेच नसांना इजा करते आणि बधिरपणा आणते, हे १९८३ पासून वैद्यकात नोंदलेले आहे. मुंग्यांवर घेतलेल्या गोळीनेच मुंग्या वाढाव्यात ही शक्यता टाळण्यासाठी गोळीच्या पाकिटावरील बी-६ चा आकडा डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे आहे.

रक्तक्षयाचा आणखी एक परिणाम मधुमेहींनी माहीत करून घ्यावा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून केली जाते. लोह किंवा बी-१२ कमी असताना रक्तातील पेशींचे सरासरी वय बदलते आणि हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. उणीव भरून काढताना नव्या पेशी एकदम वाढतात तेव्हा तो खाली येतो. साखर खरोखर घटली असे समजून औषध कमी करण्यापूर्वी, किंवा आधीचा फुगलेला आकडा पाहून औषध वाढवण्यापूर्वी, रक्तक्षय आहे का हे पाहिले गेले पाहिजे.

बी-१२ नंतर सर्वाधिक घेतले जाणारे जीवनसत्त्व म्हणजे डी. ते उन्हात त्वचेत तयार होते, यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन कामाचे रूप घेते, आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही त्याचे ग्राहक असल्यामुळे मधुमेहाशी त्याचा संबंध असावा असे अनुमान निघाले. डी कमी असलेल्यांत मधुमेह जास्त आढळतो हे अनेक पाहण्यांत दिसले, पण स्थूल, घरातच बसून राहणाऱ्या, आजारी माणसाचे डी कमी असते आणि त्याला मधुमेहही अधिक होतो, त्यामुळे कारण कोणते आणि सोबतीण कोणती हे पाहणीतून कळत नाही. अमेरिकेतील २४२३ मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांना रोज ४००० एकक डी किंवा निष्क्रिय गोळी देऊन सुमारे अडीच वर्षे केलेल्या चाचणीत, २०१९ साली जाहीर झाल्याप्रमाणे, डी घेणाऱ्यांपैकी २४.२ टक्क्यांना आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २६.७ टक्क्यांना मधुमेह झाला. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. अशा तीन चाचण्यांचे आकडे पुढे एकत्र केल्यावर मधुमेहपूर्व अवस्थेत धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटतो असे निघाले, आणि त्या आधारे काही तज्ज्ञ संस्था अशा लोकांना डी देण्यास अनुकूल झाल्या आहेत. म्हणजे मधुमेह जडण्यापूर्वी थोडासा लाभ संभवतो. जडलेला मधुमेह मात्र डी ने आटोक्यात येत नाही. हाडांसाठी, आणि डी खरोखर कमी असल्यास, ते जरूर घ्यावे. भारतात त्याची ६०,००० एककांची आठवड्याला एक घ्यायची पुडी मिळते. रोजची गरज ६०० एककांची असताना ही पुडी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, थकवा येतो. ही लक्षणे वाढलेल्या साखरेच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे खरे कारण मागे राहते आणि मूत्रपिंडांना इजा होत राहते, म्हणून पुडी देताना ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहून देणे हे डॉक्टरांचे आणि औषधविक्रेत्यांचेही काम आहे.

ई आणि सी या जीवनसत्त्वांमागचा विचार दिसायला फार पटणारा होता. वाढलेल्या साखरेमुळे पेशींत घातक ऑक्सिजन-रेणू जास्त तयार होतात, ते रक्तवाहिन्यांना इजा करतात, आणि ई व सी त्यांना निष्प्रभ करतात. तेव्हा ही जीवनसत्त्वे भरपूर दिली तर हृदय वाचेल, असा तो तर्क होता. ‘होप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९५०० हून अधिक लोकांना, त्यांत तीन हजारांहून अधिक मधुमेही होते, साडेचार वर्षे रोज ४०० एकक ई किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांपैकी काहीही ई ने कमी झाले नाही. त्याच चाचणीत रॅमिप्रिल हे रक्तदाबाचे औषधही तपासले जात होते, आणि त्याने मात्र हे सर्व ठळकपणे कमी केले. चाचणी पुढे वाढवल्यावर २००५ साली आलेल्या निष्कर्षांत ई घेणाऱ्यांत हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण उलट काहीसे अधिक आढळले. माणसांच्या एकाच समूहात, एकाच काळात, एक साधे औषध उपयोगी ठरले आणि पटणाऱ्या तर्काची गोळी ठरली नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण उरत नाही.

सी बद्दल थोडक्यात सांगायचे तर, साखर किंचित घटल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, पण ते उपचार ठरवण्याइतके भक्कम नाहीत. आवळा, पेरू, लिंबू यांतून त्याची गरज सहज भागते. मोठ्या मात्रेने मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दंडावर चिकटवून ठेवण्याच्या काही साखरमापक सेन्सरांत त्यामुळे आकडा खोटा वाढतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनचेही तसेच : मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीत चुकीचे आकडे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. थायमिन, म्हणजे बी-१, मधुमेहींच्या लघवीतून जास्त वाहून जाते आणि लाहोरमधील ४० रुग्णांवरच्या एका चाचणीत मोठ्या मात्रेने लघवीतील प्रथिन कमी झाल्याचे २००९ साली दिसले. अशा छोट्या चाचणीवर आशा ठेवता येते, औषधपत्र लिहिता येत नाही.

जीवनसत्त्वांनी निदान अपाय तर होत नाही, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का कॅनडातील एका चाचणीने दिला. मधुमेहामुळे मूत्रपिंडे अधू झालेल्या २३८ रुग्णांना रोज अडीच मिलिग्रॅम फोलिक आम्ल, २५ मिलिग्रॅम बी-६ आणि एक मिलिग्रॅम बी-१२ देऊन होमोसिस्टीन कमी करण्याचा प्रयत्न झाला. होमोसिस्टीन अपेक्षेप्रमाणे उतरले, पण २०१० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार जीवनसत्त्वे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगाने निकामी होत गेली, आणि हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना त्यांच्यात दुपटीने घडल्या. रक्तातला एक आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे नसते, हे या चाचणीने दाखवून दिले. लघवीतून प्रथिन जाऊ लागलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या मधुमेहींनी बी गटाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नयेत. त्यांची बी-१२ ची उणीव जरूर भरावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

भारतात १९५४ च्या औषध व जादुई उपाय कायद्याने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई केलेली आहे आणि पूरक पोषणद्रव्ये विकणाऱ्यांनाही रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. तेव्हा ‘शुगर मुळापासून घालवणारी’ गोळी कोणी दाखवली, तर त्या दाव्यामागे विज्ञान नाही आणि कायदाही नाही.

ज्या घरात कोणी चार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन घेत असेल, त्या घरातल्यांनी पुढच्या वेळी साखरेसाठी रक्त देताना त्याच नळीसोबत बी-१२ ची तपासणीही लिहून मागावी, आणि तोवर मेटफॉर्मिन बंद करू नये. बी-१२ च्या उणिवेने झालेला रक्तक्षय उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भरून येतो. नसांना मात्र महिने लागतात, आणि वर्षानुवर्षे बधिर राहिलेल्या पायाची संवेदना बहुधा पूर्णपणे परत येत नाही.